नाचणीतले धोंडे

"मग धोंड्यांखाली काय आहे, तेवढं सांगा म्हणजे झालं."

"माती," हेमगिरी बुवा म्हणाले.

"आणि मातीखाली?"

"धोंडा."

मन्मथअप्पांनी डोळे बारीक केले. धान्याच्या पेठेत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. समोरचा इतकं थोडक्यात बोलायला लागला, की वर टपोरी ज्वारी आणि पोत्याच्या तळाला किडकी, हे त्यांना पोतं न सोडता कळायचं.

गोसाव्याची झोपडी डोंगराच्या अशा खांद्यावर होती, की तिथं कोंबडीनं अंडं घातलं तर ते खालच्या गावात जाऊन फुटावं. म्हणूनच बुवांनी कोंबडी पाळली नाही, असं खालच्या गावात अजून सांगतात. वर काळा कडा, खाली काळी घळ, आणि मधे हा नाचणीचा तुकडा. तुकडा कसला, नुसते धोंडे! कुणी मुठीएवढा, कुणी नारळाएवढा, कुणी भोकाभोकांचा, कुणाच्या पोटात पांढऱ्या गारगोट्या चमकताहेत. आणि त्यांच्या फटीफटींतून नाचणी वर आलेली. हिरवीगार, गुडघ्याला लागेल अशी.

तेच अप्पांना पटत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून परखी काढली. पोत्यात खुपसून आतला दाणा बाहेर ओढायची ती लोखंडी पोकळ नळी. गुरू शोधायला निघालेला माणूस परखी कशाला नेतो, असं बायकोनं विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, "लागते."

आणि लागलीही होती. एक महाराज नुसत्या हवेवर जगायचे. त्यांच्या गादीत अप्पांनी परखी घातली, तर बेदाणे निघाले. दुसऱ्यांचा नंदादीप तेलावाचून जळायचा. त्यांच्या मागच्या भिंतीत घातली, तर तेल निघालं. दोन्ही वेळा पेठेत अप्पांची वाहवा झाली. दोन्ही वेळा घरी येऊन अप्पा उपाशी झोपले.

कारण त्यांना चोर पकडायचेच नव्हते. त्यांना डोकं टेकवायला एक जागा हवी होती. पन्नाशी उलटली, तरी ते कुणापुढं वाकले नव्हते. हा शेवटचा डोंगर. हाही पोकळ निघाला तर गल्ल्यावर जाऊन बसायचं आणि पुन्हा मान वर करून बघायचं नाही, असं ठरवूनच ते चढले होते.

दोन धोंड्यांच्या मधे त्यांनी परखी खुपसली. बोटभर गेली आणि टण् वाजली.

बाजूला खुपसली. टण्.

"एवढ्याशा मातीत पीक येतं?"

"येतं."

"आमच्याकडं बैल बुडेल एवढी काळी माती आहे, बुवा. तरी एखाद्या साली येत नाही."

"तुमची माती इथलीच. पाण्यानं वाहून तुमच्याकडं नेली."

"मग परत मागा की!"

"रोज मागतो. पाऊस ऐकत नाही."

अप्पा हसले नाहीत. हसवणारा व्यापारी त्यांना जास्तच खटकायचा.

"राहायचं तर राहा," बुवा म्हणाले. "फक्त ते धोंडे हलवू नकोस."

...

हे एवढं बोलायला नको होतं.

अप्पांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. हलवू नकोस म्हणजे हलवण्यासारखं खाली काही आहे. नाचणी नुसती दाखवायला. खरं धान्य खालच्या गावातून येत असणार, आणि बुवा ते धोंड्यांखाली पुरत असणार. लोक म्हणणार, बघा, गोसावी दगडातून भाकरी काढतो!

दुसऱ्या दिवशी पुरावाही मिळाला. झोपडीच्या छपरात परखी घातली, तर पानात गुंडाळलेला गुळाचा खडा बाहेर आला. अप्पांनी तो बुवांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"सापडला?" बुवांचा चेहरा खुलला. "बरं झालं. कुठं ठेवला तेच आठवत नव्हतं."

"गोड सोडलंय म्हणाला होतात तुम्ही!"

"सोडतो की. रोज सोडतो."

बुवांनी खडा फोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा अप्पांपुढं धरला. अप्पांनी तोंड फिरवलं. पण जरा वेळानं त्यांच्याच लक्षात आलं, की ही चोरी पकडल्याचा त्यांना म्हणावा तसा आनंद झाला नाही. मागच्या दोघांनी पकडल्यावर शाप दिला होता. यानं वाटा दिला.

म्हणजे हा त्या दोघांपेक्षा पोचलेला ठग, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

ठकूबाई धनगरीण म्हशी घेऊन वरून उतरत होती. बुवांना ताक तीच द्यायची. तिच्या म्हशींचे एका बाजूचे पाय आखूड होते, म्हणूनच त्या या उतारावर सरळ उभ्या राहायच्या. निदान ठकूबाई तसं सांगायची, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. अप्पांनी तिला आडोशाला गाठलं.

"बाई, बुवा खरे आहेत का?"

"खरे म्हंजे?"

"म्हणजे... खोटे नाहीत ना?"

"मला काय ठावं? ताक पितो आन् गाडगं धुऊन देतो."

"त्या धोंड्यांखाली काय पुरलंय?"

"इंचू आसंल," ठकूबाई म्हणाली. "हात घालून बघा की शेट. मंग मलाबी सांगा."

तेवढ्यात तिची एक म्हैस घळीत अडकली. पाय आखूड होते, तशी अक्कलही आखूडच होती. ठकूबाईनं अशी हाक मारली की समोरच्या डोंगरानंही ओ दिली. बुवा काठी घेऊन तिच्यामागं उतरले.

उतारावर अप्पा एकटे उरले.

...

पहिला धोंडा उचलला. खाली ओली माती. एक गांडूळ. बस्स.

दुसरा. ओली माती.

किती दिवस उघडीप होती. वरचे धोंडे तापून चटका देत होते. आणि प्रत्येक धोंड्याखाली मात्र रांजणाच्या बुडाशी असतो तसा गारवा. अप्पांना याचाही संशय आला. इथं पाणी कोण घालतं?

ते खालून वर धोंडे वेचत निघाले. पेठेतली सवय. थप्पी मारल्यासारखे सगळे कडेला नीट रचत गेले. ऊन डोक्यावरून कललं. धोतर मातीनं भरलं. नखं तुटली. वरचा एक कोपरा राहिला. तिथपर्यंत कंबरच पोचेना.

खाली काही म्हणता काही निघालं नाही.

ना पोतं, ना हंडा, ना भाकरीचा तुकडा. अप्पा मातीत बसले. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं ते वेगळंच. आयुष्यात पहिल्यांदा पोतं तळापर्यंत उपसलं आणि तळालाही तेच निघालं. वर होतं तेच!

शेतही आता शेतासारखं दिसत होतं. स्वच्छ. सारवल्यासारखं. त्यांच्या गावाकडं असतं तसं.

मग कड्यावरून ढग उतरला.

एक सर आली. फार वेळ नाही. चिलीम पेटवून दोन झुरके मारावेत, तेवढाच खेळ. पण सुरुवातीला बोटाएवढी असलेली धार बघता बघता मनगटाएवढी झाली. तांबूस, घट्ट, घाईतली. मग शेजारी दुसरी. मग सगळा उतारच हलला. नाचणी मुळांसकट सुटली, आणि आडवी न होता उभीच्या उभी, वरातीसारखी घळीकडं चालू लागली.

अप्पा धावले. हातांनी माती दाबून धरली. बोटांतून ती गेली. शेवटी ते उतारावर आडवे झाले, स्वतःचाच बांध घातला. पाणी त्यांना वळसा घालून गेलं.

सर थांबली तेव्हा खाली काळा कातळ होता. धुतलेल्या पाट्यासारखा.

फक्त वरच्या कोपऱ्यात, जिथले धोंडे वेचायचे राहिले होते, तिथली नाचणी पानांवरचं पाणी झटकत उभी होती.

...

बुवा चढून आले. मागं ठकूबाई. तिनं कातळ बघितला, अप्पांना बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, ते कळलं नाही. ती म्हशींकडं निघून गेली.

बुवा कातळावर हात फिरवून खाली बसले.

"बसायला बरं झालं," ते म्हणाले.

"बुवा... मला शिव्या द्या."

"येतात मला. पण चढून दम लागलाय."

"वर्षाचं धान्य गेलं तुमचं."

"हो. ठकूबाईला यंदा माझा जाच होणार."

अप्पा वाट बघत राहिले. आता हा चिडेल. आता शाप देईल. आता काहीतरी मागेल. त्यांनी बुवांचा चेहरा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. तिथं एक दमलेला म्हातारा होता, आणि तो पायातला काटा शोधत होता.

अप्पांच्या आतलं काहीतरी सुटलं. पन्नास वर्षांत न वाकलेली पाठ वाकली. ओल्या कातळावर गुडघे टेकून त्यांनी कपाळ बुवांच्या पायांकडं नेलं.

"महाराज, एकेक धोंडा उचलून बघितला. खाली काही नव्हतं. तुम्ही खरे आहात. मनात आता एकसुद्धा शंका उरली नाही."

शेत गेलं तेव्हा दचकले नव्हते, ते बुवा आता दचकले. त्यांनी पाय चटकन मागं ओढून घेतले. अप्पांचं कपाळ कातळाला लागलं.

"एकसुद्धा नाही?" बुवा संशयानं त्यांच्याकडं बघत राहिले.

"नाही महाराज."

"सगळ्या शंका वेचल्यास?"

"सगळ्या."

बुवांनी एकदा खालच्या घळीकडं बघितलं. तिथं पाणी अजून तांबडं वाहत होतं...

"अरे बाबा," ते म्हणाले, "दोन-चार तरी ठेवायच्यास."