पाटावरचा अंधार

“दिसतं म्हणजे? खरंच दिसतं?”

अच्युतने विचारलं आणि मठाच्या ओसरीवरचे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

झालं होतं एवढंच, की भिकाजी नावाचा नवा शिष्य आपलं रडगाणं सांगत होता. मानसपूजेला डोळे मिटून बसलं, की तो मनातल्या दत्ताला शेवंतीचा हार घालायला जाई आणि गळ्यात दिसे मात्र झेंडूचा. अच्युत त्याला हसायला गेला होता.

“अहो, तुम्हीच तर आम्हाला पूजा सांगता,” भिकाजी बावरून म्हणाला. “तुम्हाला नाही दिसत?”

सांगत होता खरा. पाठांतरात अच्युतचा हात धरणारा मठात कोणी नव्हता, आणि हा तोरा तो मिरवायचाही. ‘मूर्ती डोळ्यांपुढे आणा’ ही त्याला नुसती बोलायची रीत वाटायची. डोळे मिटले की अंधार. त्यात बघायचं काय?

त्याने एकेकाला गाठून विचारलं. सगळ्यांना दिसत होतं. स्वयंपाक्यालासुद्धा!

संध्याकाळी तो गुरूंच्या, चिदंबरबुवांच्या खोलीत गेला. तोरा कुठल्या कुठे पळाला होता.

“काय रे?”

“बुवा, देवाचं राहू द्या. पण भिकाजीला त्याची वारलेली आई दिसते. डोळे मिटले की समोर उभी...”

“बरं.”

“मला वाटायचं, माणूस गेलं की सगळ्यांचं असंच होत असेल. चेहरा जातच असेल. म्हणून कधी कुणाला बोललो नाही.” त्याने बुवांचे पाय धरले. “मला एकदा माझी आई दाखवा. एकदाच. दुसरं काही मागणार नाही.”

बुवांनी त्याला समोर बसवलं.

“मीट डोळे,” मग ते म्हणाले. “आज आईची पूजा. तिला पाटावर बसव.”

“अंधारच आहे, बुवा.”

“असू दे. अंधाराला बसव.”

“... बसवला.”

“आता न्हाऊ घाल. पाणी कसं घेतलंस?”

“कोमट. कढत तिला सोसायचं नाही.”

“तेल?”

“गुडघ्यांना. दुखायचे तिचे. चूल फुंकून उठताना भिंत धरायची.”

“नैवेद्य?”

अच्युत अडखळला. पाठ केलेल्या पूजेत तो आजवर कधी अडखळला नव्हता.

“भाकरी,” तो म्हणाला. “तव्यावरची पहिली... टम्म फुगलेली. ती नेहमी मला वाढायची. स्वतःला शेवटची, करपलेली. आज पहिली तिला.”

“घेतली?”

“नको म्हणतेय. तूच खा म्हणतेय...”

खोलीत समईची वात चुरचुरली. बुवांनी ती सारखी केली नाही.

“दिसली?”

अच्युतने मान हलवली. “नाही, बुवा. काहीच नाही. नुसता अंधार.”

बुवा पुढे सरकले. त्याच्या मिटल्या डोळ्याखाली त्यांनी अंगठा टेकवला आणि तो ओला अंगठा त्याच्याच तळहातावर ठेवला.

“मग हे कोणाला बघून आलं?”