शिकारीला गेलेला आदर

कर्र कर्र, कर्र कर्र... आणि एकदम गप्प!

लहानपणी ऐकलेला हा आवाज पुतळीच्या कानांत कायमचा बसला होता. तिचे बाबा सटवाजी चपला शिवत. तळाच्या दोन चामड्यांमध्ये वाळकी बी घालत, म्हणून त्या चालताना करकरत. पण वाड्यासमोरचा चौक आला की रयतेनं चपला काढून डोक्यावर घ्यायच्या, अशी तांबेगडची रीत! यंदा वैशाखात चौकातली फरशी अशी तापली की म्हाताऱ्या सटवाजीचे तळपाय फोडांनी भरले. पुतळी तडक दरबारात गेली.

"महाराज, ही रीत मोडा!"

नगरशेठ लिंबाजी उसळले, "अगं ए पोरी! हे आपले संस्कार आहेत. आम्ही आदरानं चपला काढतो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. राजे धारराव मिशीत हसले. "ऐकलंस? हे रयतेच्या मनातलं."

"हे तोंडातलं झालं, महाराज. मनातलं निराळं असतं."

"असं? मग मनातलंच ऐकव! पण कुणी तोंड उघडायचं नाही. जमलं तर रीत मोडली. नाही जमलं, तर तुझ्या बापानं गावभर अनवाणी फिरायचं!"

पुतळी म्हणाली, "उद्या दुपारी घरात नसल्यासारखे घरात बसाल?"

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, महाराज पहारेकऱ्यांसह शिकारीला गेले! खरं तर राजे खिडकीच्या पडद्यामागं बसले होते, शेजारी पुतळी. बराच वेळ चौकात चूं नाही.

"बघ! करकर नाहीच," राजे कुजबुजले.

तेवढ्यात... कर्रकर्र!

"कोण गं?"

"नगरशेठ! दुहेरी करकर त्यांचीच. हट्टानं दोन बिया घालून घेतल्यात."

शेठांमागून दहा जण, मग वीस. सगळा चौक बेडकांच्या डबक्यासारखा करकरू लागला!

"अरे! आणि यांचा आदर कुठं गेला?"

"तुमच्याबरोबर शिकारीला, महाराज!"

मग पुतळी हळूच म्हणाली, "देवळाच्या पायरीशी पहारेकरी नसतो, तरी सगळे आपण होऊन चपला काढतात."

राजे असे हसले की पगडी कलली! त्यांनी पडदा सारला. खाली नगरशेठ एक पाय हवेत धरून थिजले.

"चालू द्या, शेठ! रीत मोडली! आणि पुतळे, आजपासून दरबारात तुझी बैठक. रयतेचं मनातलं तू सांगायचं."

सटवाजीला बोलावणं गेलं. तो चौकाच्या कडेला आला, डोक्यावरच्या चपला त्यानं खाली ठेवल्या, पायांत सरकवल्या. वर खिडकीकडे, लेकीकडे एकदा पाहिलं आणि चालू लागला.

कर्र कर्र, कर्र कर्र... पार पलीकडच्या टोकापर्यंत.