काशाच्या गाईचा पान्हा

एका गावात एक भोळी बाई होती. नाव साळू. तिचा नवरा केरबा ओतारी. काशाची जनावरं ओतायचा: कासवं, हरणं, मोर. लोक ती हौसेनं घरात, बागेत मांडायचे. साळूला व्रतं फार. सोळा सोमवार तिनं सतरा केले. मोजण्यात चूक झाली असली तर देवाला कमी पडायला नको.

एकदा तापलेला साचा केरबाच्या पायावर पडला. तो खाटेला खिळला. साळू नवस बोलली, धन्यांचा पाय जमिनीला लागू दे; वसुबारसेला गाय-वासरू जेवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही.

तोवर तयार जनावरं पोचवायचं काम तिच्यावर आलं. पहिलं कासव. इनामदारांच्या बागेत मांडायचं होतं. साळूनं कासव पाहिलं, बागेतला हौद पाहिला आणि दिलं पाण्यात सोडून. ते तळाशी गेलं. श्वास घ्यायला वर येईल म्हणून ती दुपारपर्यंत काठावर बसली.

केरबानं कपाळाला हात लावला. जनावराला पाणी दाखवायचं नाही, म्हणाला. फडक्यात गच्च गुंडाळायचं आणि फडताळात ठेवायचं.

"बरं," साळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारची ठकूआत्या परगावी जाताना आपली कोंबडी साळूकडे ठेवून गेली. साळूनं तिला पाणी दाखवलं नाही. जुन्या धोतरात गच्च गुंडाळून फडताळात ठेवली. नशीब, कोंबडीला ओरडता येत होतं. केरबानं समजावलं, जनावराला मोकळं सोडावं, पुढ्यात खायला टाकावं. दिवेलागणीला ते आपल्या पायानं घरी जातं.

"बरं," साळू म्हणाली.

मग हरीण न्यायचं होतं. अर्ध्या वाटेत मान अवघडली तेव्हा तिला शिकवण आठवली. हरीण बांधावर सोडलं, पुढ्यात कडब्याची पेंडी टाकली, बोटानं इनामदारांचं घर दाखवलं आणि परत आली. संध्याकाळी निरोप आला, हरीण अजून तिथंच आहे, धुळीनं माखलंय. चाऱ्याला तोंडसुद्धा लावलं नाही.

साळूला वाटलं, उपास असेल.

केरबानं खाटेवरूनच हात जोडले. असं मळकं जनावर चारचौघांत उभं करतात का? आधी चिंच-राख लावून शिंगापासून शेपटीपर्यंत लख्ख घासायचं.

"बरं," साळू म्हणाली.

वसुबारस उजाडली. ठकूआत्यानं पूजेसाठी आपली कपिला वासरासकट अंगणात आणून बांधली. साळूनं चिंच भिजवली, राख चाळली आणि शिंगांपासून सुरुवात केली. शेपटीपर्यंत काही पोचली नाही. कपिला दावं तोडून पळाली, वासरू तिच्यामागं.

दिवस कलला. साळू रडायला लागली. भुकेनं नव्हे, नवस मोडला तर पायाचं काय होणार, म्हणून. केरबाचा जीव कळवळला.

"अगं, अंगणात ती इनामदारांसाठी ओतलेली गाय आहे, वासरू आहे. तिलाच पूज. तिनं खाल्लं असं समज आणि दोन घास खा."

"समजायचं कशाला? खाईल की ती."

साळूनं काशाच्या गाईला ओवाळलं. वडे, गवारीची भाजी, बाजरीची भाकरी पुढ्यात मांडली आणि डोळे मिटून जप सुरू केला. तेवढ्यात कपिला वासराला घेऊन घरामागून आली, दोघांनी पान चाटूनपुसून साफ केलं आणि आली तशी गेली. साळूनं डोळे उघडले. पान रिकामं. तिनं काशाच्या गाईला नमस्कार केला आणि पोटभर जेवली.

सकाळी केरबा पाहतो तर साळू चरवी घेऊन काशाच्या गाईखाली बसलेली. आचळं ओढून ओढून बोटं लाल.

"हे काय चाललंय?"

"काल एवढं खाल्लंय, दूध नको द्यायला? पान्हा चोरतेय. चोरेल नाहीतर काय, वासरू लांब ठेवलंत तुम्ही. जरा पुढं लावा की."

केरबा आधी हसला. मग चिडला. मग दीड महिन्यात पहिल्यांदा त्यानं पाय खाली टाकले, लंगडत लंगडत अंगणात आला, तिला समजावायला तोंड उघडलं, मिटलं, आणि काशाचं वासरू आचळांपाशी सरकवलं.

मग दोघंही चरवीत वाकून बघत बसली.