गळ्याचा मालक

सोलापूरची अनसूया ढेकळे गाणी स्वतः लिहायची, चाल लावायची आणि गायचीही. पुढं तिनं शेंगाचटणीचा कारखाना काढला. टेम्पोला कर्णा लावून ती चटणीचं गाणं म्हणायची, अन् बायका डबे घेऊन धावायच्या.

पूर्वी तिची गाणी काढणाऱ्या कॅसेट कंपनीच्या धरमशेठला हे खुपलं. त्यानं तिला ऑफिसात बोलावून जुना करार पुढं टाकला.

"वाच. तुझ्या गळ्यातून निघणारा प्रत्येक आवाज कंपनीचा. उद्यापासून चटणीचं गाणं बंद."

गाणं बंद म्हणजे धंदा बंद. अनसूयानं शांतपणे विचारलं, "प्रत्येक आवाज, शेठ? खोकलासुद्धा?"

"शिंकसुद्धा."

"एवढं लिहून देता?"

शेठनं ऐटीत लिहून दिलं, वर शिक्का मारला.

अनसूयानं दार उघडलं. तिला जाब विचारायला तिच्या मागोमाग आलेले फौजदार बाहेर बसले होते. सकाळी त्यांची जीप तिच्या वाळत घातलेल्या शेंगांवरून गेली होती आणि तिनं भर चौकात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तोही तालात.

"या साहेब. सकाळच्या त्या शिव्या ह्या शेठच्या मालकीच्या. शिक्का आहे."

फौजदारांनी कागद दोनदा वाचला आणि कमरेचा पट्टा सारखा केला.

शेठनं कागद आणि करार दोन्ही टराटरा फाडले. "हिचा गळा हिचाच, साहेब."

"मग शिव्याही माझ्याच," अनसूया म्हणाली. "घाला केस."

फौजदार जरा घुटमळले. "शेंगा मी तुडवल्या, शिव्या तू दिल्यास. मिटलं. पण चाल झकास होती, सकाळपासून डोक्यातून जात नाही."

आता टेम्पोवर तीच चाल वाजते. शब्द तेवढे बदललेत.