ओढ्यावरच्या कमानी

"मग भवानगिरला मठातून काढणार ना, महाराज?"

हिरागिरचं सकाळपासून हेच चाललं होतं. वाटेत आडवी आलेली बाभळीची फांदी पुरणगिर महाराजांनी काठीने बाजूला सारली आणि ते चालत राहिले.

वाट जुन्या नळाची होती. कुण्या एका सुलतानाच्या काळात डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून खालच्या शहरात नेलं होतं. सुलतान गेला, शहर गेलं, पाणीही आटलं. नळाचा माग तेवढा राहिला. कुठे जमिनीखाली, कुठे भिंतीच्या पाठीवर, आणि ओढा आडवा येतो तिथे कमानींवर.

हे दोघे गोसावी; त्यांच्या मठात एक रीत होती. महंत थकले, की ज्याला सोबत घेऊन हा नळ दाखवायचे, गादी त्याची. तोंडाने कुणी काही सांगायचं नाही. नळ दाखवला की बाकीचे काय ते समजायचे. आणि आज दिवस उजाडताच महाराज म्हणाले होते, "हिरा, चल, नळ बघून येऊ."

हिरागिरला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

तसा तो गुणी. पाठांतर चोख, सोवळं कडक, जप कधी चुकला नाही. खोड म्हणाल तर एवढीच, की आपण गुणी आहोत हेही त्याला तोंडपाठ होतं.

भवानगिर, त्याचा गुरुबंधू, अगदी उलटा. भोळा सांब. मठातली धुनी पिढ्यान्‌पिढ्या जळत आलेली, आणि हे दोघे आळीपाळीने ती राखायचे. परवा दुपारी भवानगिरच्या पाळीला त्याचा डोळा लागला आणि धुनी विझली. बरं, विझली तर गप्प बसावं की नाही? हा उठला, गावातल्या कुंभाराच्या भट्टीतला निखारा मागून आणला, धुनी पेटवली आणि महाराजांपुढे जाऊन स्वतःच सगळं सांगून मोकळा झाला.

आता तो बोचकं बांधून मठाच्या दारात बसला होता. महाराज जा म्हणतील, त्याची वाट बघत.

"ज्याच्या हातून धुनी विझली त्याने मठ सोडायचा," हिरागिर म्हणाला. "हे मी नाही म्हणत महाराज, परंपरा म्हणते."

"हं. पाय जपून ठेव. इथे नळ उघडा पडलाय."

हिरागिर थांबला. माती वाहून गेली होती आणि खालून नळाच्या खापऱ्या वर आल्या होत्या. एकीचं तोंड दुसरीच्या तोंडात बसवलेलं, सांध्यावर चुना.

"हात लाव," महाराज म्हणाले.

त्याने आत बोट फिरवलं. इतकी वर्षं पाणी वाहून आतली बाजू कशी गुळगुळीत झाली होती. सांध्यावरचा चुना त्याने नखाने खरवडून पाहिला. नख तुटलं, चुना हलला नाही.

"कमाल आहे," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

"पुढे चल. अजून तू काही पाहिलं नाहीस."

टेकाड उतरून दोघे वळले आणि कमानी समोर आल्या.

खोटं कशाला सांगा, तिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते. ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत काळ्या दगडाच्या कमानी ओळीने उभ्या. फटींतून पिंपळ उगवलेला, पोपटांनी ढोल्या केलेल्या, खाली सावलीत कुणाच्या तरी शेळ्या निवांत बसलेल्या. आणि एवढा सगळा पसारा कशासाठी, तर वर एक वीतभर पाणी चालावं म्हणून. पाण्याला ओढा ओलांडता यावा म्हणून माणसांनी त्याला खांदा दिला होता.

हिरागिर मान वर करून बघत राहिला. घटकाभर त्याला गादीही आठवली नाही.

"काय दिसतं?" महाराजांनी विचारलं.

"बळ दिसतं, महाराज. केवढं बळ असेल या दगडांत."

"बळ?" महाराज हसले. "अरे, एकेकाला विचारून बघ. प्रत्येकाला खाली पडायचंय."

"मग पडत का नाहीत?"

"पडतायत की. इकडची बाजू तिकडे पडते, तिकडची इकडे. पडता पडता मध्येच गाठ पडली, बस."

हिरागिरने मान डोलावली. वाक्य झकास होतं. पुढे गादीवर बसल्यावर प्रवचनात घालायला छान, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

ओढ्यात उतरून ते कमानींच्या कडेने चालू लागले. मध्ये एके ठिकाणी ओळ तुटली होती. तिथली कमान ढासळली होती आणि वर नुसतं आभाळ होतं.

"ही कशी पडली असेल?" महाराजांनी विचारलं.

"एक बाजू कच्ची निघाली असणार."

"कुठली?"

हिरागिरने दगड निरखले. उजवीकडच्या खांबाला भेग होती. "ही."

"आणि डावी? ती पक्की होती?"

"पक्की दिसते. खांब बघा ना, अजून जसाच्या तसा आहे."

"मग तिची अर्धी कमान कुठे आहे?"

हिरागिरने वर पाहिलं. मग खाली. ओढ्याच्या पात्रात दोन्ही बाजूंचे दगड एकाच ढिगात पडले होते. कच्च्या बाजूचे कुठले आणि पक्क्या बाजूचे कुठले, ते आता ओळखू येत नव्हतं.

...

"परवा दुपारी तू कुठे होतास, हिरा?"

"ओसरीवर. जपाला बसलो होतो."

"ओसरीवरून धुनी दिसते."

"...दिसते."

"विझताना दिसली?"

लांब कुठेतरी शेळी ओरडली. महाराज वाट बघत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं हिरागिरला वाटलं.

"पाळी त्याची होती, महाराज," तो हळूच म्हणाला.

बोलून गेला, आणि आपलेच शब्द त्याच्या कानाला लागले. लाकडं हाताशी होती. एक धुनीत ढकललं असतं तरी भागलं असतं. पण माळेचे मणी ओढत तो बघत राहिला होता. विझू दे, महाराजांना एकदा कळू दे कोण कसा आहे ते... असं तेव्हा मनात होतं. आता त्याला लाज वाटली. मान वर करवेना.

महाराजांनी काठी खाली ठेवली.

"इकडे ये. माझ्यासमोर उभा राहा. हात पुढे कर, पाय मागे घे. अजून मागे."

दोघांचे तळवे एकमेकांना टेकले.

"आता भार टाक."

"महाराज, तुमचं वय..."

"मी टाकलाय."

आणि खरंच, म्हाताऱ्या अंगाचा सगळा भार त्याच्या तळव्यांवर आला. हिरागिरने तो पेलला. पण आपला भार मात्र त्याने आपल्याच टाचांवर धरून ठेवला. एवढ्या वर्षांत त्याने तो कधी कुणावर टाकला नव्हता, आणि त्याचंच त्याला मोठं कौतुक होतं. महाराजांचे पाय वाळूत घसरायला लागले.

"तू उभा आहेस, हिरा. मी एकटाच पडतोय. अशाने माझं नाक फुटेल."

"मग मी काय करू?"

"पड."

हिरागिर घाबरला. म्हातारा हाडांचा सापळा, आपलं अंग पहिलवानी. चिरडून जातील... महाराजांचे पाय आणखी घसरले. मग त्याने डोळे मिटले आणि पुढे झोकून दिलं.

पडला नाही.

महाराजांचे पाय घसरायचे थांबले. दोघे एकमेकांवर कललेले, वाकलेले, आणि घट्ट उभे. हिरागिरने डोळे उघडले. महाराजांचा चेहरा इतक्या जवळून त्याने कधी पाहिला नव्हता. किती थकले होते ते. हे आपल्याला आजवर दिसलं कसं नाही, या विचाराने त्याला गलबलून आलं.

"मी लाकूड टाकायला हवं होतं, महाराज."

"हं."

"गादी मग... कुणाची?"

वाऱ्याने पिंपळाची पानं सळसळली. हिरागिरचे हात भरून आले, पोटऱ्या थरथरायला लागल्या.

"आता हात काढू का?"

"काढ. दोघेही तोंडावर पडू."

हिरागिरने हात काढले नाहीत. उलट तळवे आणखी नीट टेकवले.

"पण असं उभं राहायचं कुठवर, महाराज?"

"माझ्या जागी भवानगिर येऊन उभा राहीपर्यंत. मग मी मोकळा."