हुकूम गेला चुलीत!

"महाराज, या बाईनं तुमचा हुकूम चुलीत घातला!" कारभारी भर दरबारात किंचाळला.

धुरपा मान खाली घालून उभी. मनात नुसती चरफडत होती. घरी लेक जुलाबानं दोन दिवस निपचित पडलेली, आणि इथं ही कटकट!

झालं होतं असं. सोनगडात पटकीची साथ आली, तसं भुजंगराजांनी फर्मान काढलं: पाणी उकळूनच प्या! हुकूम एकदम झकास! दवंडी पिटली, दारोदार हुकमाचे कागद वाटले. गोची एकच. शिकारीसाठी राजांनीच सगळं रान बंद केलेलं. काडी उचलली की फटके! गोवऱ्या जेमतेम भाकरीपुरत्या. मग पाणी काय फुंकर मारून उकळायचं?

"काय गं?" राजे गरजले. "खरंच घातलास चुलीत?"

"घातला की, महाराज! घरात जाळायला तेवढंच होतं!"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजे लालबुंद!

"जीभ फार चालते तुझी! मग उकळ पाणी, इथंच, माझ्यासमोर! पण रानातली काडी लावायची नाही. नाही उकळलं, तर तुझी अख्खी वाडी हद्दपार!"

अरे देवा! इकडे बघ, तिकडे बघ... आणि धुरपाची नजर अडकली कारभाऱ्याच्या बगलेतल्या कागदांवर.

"तीन दगड द्या, पाण्याचा हंडा द्या," ती म्हणाली, "आणि कारभारीदादांकडचे उरलेले हुकूम द्या!"

अख्खा गठ्ठा चुलीत! कागद भुर्रकन पेटले, भुर्रकन विझले. दरबारभर धूर, कारभारी खोकून बेजार! राजांनी हंड्यात बोट बुडवलं.

"अगं, हे तर नुसतं कोमट! हरलीस!"

"हरले कुठं? एक हुकूम कमी पडला, महाराज!"

"कुठला?"

"रान उघडल्याचा! तो जाळायलाही नको. नुसता तोंडानं सोडा, घरोघरी पाणी खळाखळा उकळतंय की नाही बघा!"

राजे असे हसत सुटले, असे हसत सुटले की फेटा कानावर आला!

"वाळक्या लाकडासाठी रान आजपासून मोकळं! हा हंडा धुरपाला बक्षीस! आणि कारभारी, हिच्या घरची पहिली मोळी तुमच्या डोक्यावरून जाईल. हुकूम आहे!"

"म... माझ्या डोक्यावरून?"

"चला दादा, लेक वाट बघतेय!" धुरपानं हंडा कमरेवर घेतला. "आणि या खेपेला चुलीत मोळी घाला हं, हुकूम नको!"