वीस पावलांचा चोर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावांना नावं नव्हती, नुसत्या खुणा होत्या. असंच एक गाव होतं. त्याला सगळे दलदलीचं गाव म्हणत.

गावाच्या मधोमध मोठी दलदल होती. तिच्यात माणसाच्या खांद्याएवढा लव्हाळा वाढे. अधूनमधून पाणकणसाची तपकिरी बोंडं डोलत, आणि वेखंडाच्या पानांवर पाय पडला की उग्र वास सुटे. वरून चालताना ओल्या घोंगडीवरून चालल्यासारखं वाटे, पण कुणी बुडत नसे. मुळांची वीणच तशी दाट होती.

उगवतीच्या काठावर रायबा राही आणि मावळतीच्या काठावर निंबाजी. दोघेही लव्हाळ्याच्या चटया विणत. ज्याला जिथे चांगला लव्हाळा दिसे, तिथे तो कापी. एकाला ताप आला, तर दुसरा त्याचेही भारे कापून त्याच्या दारात टाकी.

एकदा राजाचा एक कारभारी तिकडून चालला होता. त्याने हे पाहिलं आणि मान हलवली.

"सामायिक म्हटलं की आज ना उद्या भांडण होतंच," तो म्हणाला. "होण्याआधीच वाटून घ्या."

भांडण तर नव्हतं. पण एवढा शहाणा माणूस सांगतोय म्हणजे होणार असेल, असं दोघांना वाटलं. त्यांनी दोन्ही काठांपासून पावलं मोजली. साठ इकडून, साठ तिकडून. बरोबर मधे, वेखंडाच्या एका दाट गड्ड्यात, त्यांनी बांबूची काठी रोवली. गावाचा नियमही ठरला. जो दुसऱ्याच्या वाट्यात कापेल, त्याचा विळा पाण्यात जाईल, आणि त्याने पुन्हा लव्हाळ्याला हात लावायचा नाही.

त्या वर्षी पाऊस पुष्कळ झाला. दलदल काठोकाठ भरली. मग पाऊस थांबला आणि मावळतीकडून वारा सुटला.

दोन दिवसांनी सकाळीच निंबाजीची हाक आली. "रायबा! अरे, तोंड दाखव! माझ्या काठचा लव्हाळा कुठंय?"

रायबा धावत गेला. खरंच, निंबाजीच्या काठापाशी नुसतं पाणी चमकत होतं. चांगलं वीस पावलं रुंद.

"मी नाही कापला, निंबाजी."

"मग काय बगळ्यांनी चटया विणायला घेतल्या?"

रायबा तडक मागे फिरला. तो काठीपाशी गेला. काठी होती तिथेच होती. भोवती तोच वेखंडाचा गड्डा, बांबूला तेच पेर. तिथून त्याने आपल्या काठापर्यंत पावलं मोजली. चाळीस भरली. त्याने पुन्हा मोजली. चाळीसच. काठाशी लव्हाळा मात्र एकावर एक चढून दाटला होता.

काठी हलली नाही. काठ हलला नाही. मग मधली वीस पावलं गेली कुठं?

त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लहान पावलं टाकली असतील आधी." त्याने मोठी टाकून पाहिली, लहान टाकून पाहिली. डोकं मात्र भणभणायला लागलं.

चार दिवसांनी वारा उलटा फिरला. आता रायबाच्या काठापाशी पाणी चमकू लागलं, आणि पाण्याची वीस धरून काठीपर्यंत ऐंशी पावलं भरली. ही कसली चोरी? आधी त्याची, मग माझी? तो निंबाजीला विचारायला निघाला, तर निंबाजी वाटेतच ओरडला, "आता माझी जमीन चाळीस पावलं उरली! दिवसा लव्हाळा नेतोस आणि रात्री काठी पण सरकवतोस. चोर आहेस तू, चोर!"

हा शब्द रायबाला कुणी आजवर म्हटला नव्हता. तो तसाच घरी परतला. हळूहळू त्याला भलतंच वाटू लागलं. आपण झोपेत उठून काठी उपटत तर नसू? झोपेतलं काही आठवत नाही ना आपल्याला?

"तुमचे पाय कधी ओले दिसले नाहीत हो," बायको म्हणाली.

"पाय पुसले असतील मी," रायबा म्हणाला, "झोपेत."

शेवटी गावचे पाटील आणि चार पंच आले. उगवतीच्या काठावर सगळ्यांनी ओळीने चपला काढल्या. त्या दिवशी वारा पडला होता आणि लव्हाळा पुन्हा त्या काठाला टेकला होता. सगळे चालत काठीपाशी गेले. रिवाज असा की दोघांनी काठीला हात लावायचा आणि खरं बोलायचं.

निंबाजी म्हणाला, "मी काठी हलवली नाही."

सगळे रायबाकडे पाहू लागले. रायबाने काठीकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. ज्याचा उलगडाच होत नव्हता, ते नाकारायचं तरी कसं? आणि निंबाजी खोटं बोलत नाही, हे तो लहानपणापासून जाणून होता.

"मग मीच हलवली असेल," तो हळूच म्हणाला. "कशी ते मला माहीत नाही. पण दोघांपैकी एकानेच हलवली असणार ना?"

"कबूल?" पाटलांनी विचारलं.

"कबूल."

पाटलांनी त्याचा विळा घेतला. रायबाच्या बापाच्या हातचा होता तो. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. तो मुळांमधल्या फटीतून पाण्यात गेला, तेव्हा आवाजही मोठा झाला नाही. एवढ्या वेळात पुन्हा वारा सुटला होता, तिकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

मंडळी परत निघाली. आली होती त्याच वाटेने चालत ती लव्हाळ्याच्या कडेला पोचली, आणि थबकली. पुढे पाणी होतं. पाण्यापलीकडे, लांब काठावर, चपलांची ओळ दिसत होती.

"आमच्या चपला तिकडं कुणी नेऊन ठेवल्या?" पाटील गरजले.

काठावर रायबाची बायको भांडी घासत बसली होती. ती उठून कमरेवर हात ठेवून ओरडली, "चपला आहेत तिथंच आहेत, पाटील! तुम्ही सगळे कुठं निघालात?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. पायाखाली लव्हाळ्याची ती एवढी मोठी घोंगडी, काठीसकट, वेखंडासकट, पंचांसकट, संथपणे मावळतीकडे चालली होती.

सगळे काठीपाशी परतले, विळ्यासाठी त्या फटीतून पाण्यात हात घातले, बांबूने गाळ ढवळला. विळा सापडला नाही.

 मग निंबाजीने काठी उपटली आणि पाण्यात फेकून दिली. पाटलांनी नियमही मोडला. तेव्हापासून दोघे एकाच विळ्याने कापू लागले. निंबाजी कापी, रायबा भारे बांधी. पण बापाचा विळा गेला तो गेलाच, आणि "चोर" म्हटलेलं रायबाच्या कानातून जायला पुढे बरीच वर्षं लागली.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी, आणि स्वतःलाही म्हणण्याआधी, आपण उभे आहोत ती जमीन जागेवर आहे का, ते पाहावं.